पीपीए, म्हणजे 'भाषेचा' डिमेन्शिया, आणि पाठीच्या पाण्याची तपासणी : अहवाल काय सांगतो, काय सांगत नाही, नमुना कुठे बिघडतो

सुषुम्ना

दुसऱ्या एका धाग्यावर 'पाठीतलं पाणी काढलं की कुठला डिमेन्शिया आहे ते कळतं' असं वाक्य दोन-तीन प्रतिसादांत आलं. ते अर्धंच खरं आहे, आणि घोळ उरलेल्या अर्ध्यामुळे होतो. म्हणून हा वेगळा धागा.

इथे फक्त प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजियाबद्दल बोलू, पुढे नुसतं पीपीए. पक्षाघात नाही, गाठ नाही, तरी भाषा हळूहळू जात राहते. सुरुवातीची काही वर्षं स्मरण, व्यवहार, घरातला वावर बऱ्यापैकी शाबूत असतो. मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये असे सहा रुग्ण मांडले. २०११ मध्ये मारिया लुइझा गोर्नो-टेम्पिनी आणि सहकाऱ्यांनी तीन प्रकारांचे निकष ठरवले. आजही तेच वापरतात.

नॉनफ्लुएंट : बोलणं कष्टाचं, अडखळत, उच्चार वेडेवाकडे, व्याकरण गळतं. एमआरआयवर मेंदूच्या पुढच्या, म्हणजे फ्रंटल, डाव्या लोबचा मागचा भाग आणि त्याच्या आत दडलेला इन्सुला हा भाग झिजलेले.

सिमॅण्टिक : बोलणं ओघवतं, पण शब्दांचे अर्थच पुसले जातात. 'विळी आण' म्हटलं तर 'विळी म्हणजे काय?' असा प्रामाणिक प्रश्न येतो. डाव्या टेम्पोरल लोबचं (कानाजवळच्या भागाचं) टोक झिजतं, आणि ते एमआरआयवर डोळ्यांत भरतं.

लोगोपेनिक : शब्द सापडत नाही म्हणून वाक्य मध्येच थांबतं, लांब वाक्य ऐकून पुन्हा म्हणता येत नाही. अर्थ आणि व्याकरण मात्र बरंच टिकून. झीज डावीकडे टेम्पोरल आणि त्याच्या वरच्या परायटल लोबच्या सांध्याजवळ.

आता मुख्य मुद्दा. हे तीन प्रकार ठरतात बोलण्यावरून आणि एमआरआयवरून. मेरुद्रव, म्हणजे पाठीतून काढलेलं पाणी, प्रकार सांगत नाही. मेरुद्रव एकाच प्रश्नाचं पक्कं उत्तर देतो : या माणसाच्या मेंदूत अल्झायमरची प्रक्रिया चालू आहे का? लोगोपेनिकमध्ये उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं, सिमॅण्टिकमध्ये बहुतेक वेळा 'नाही' (तिथे टीडीपी-४३ नावाचं प्रथिन साचतं), नॉनफ्लुएंटमध्ये बहुधा 'नाही' (तिथे टाऊ हे प्रथिन, पण अल्झायमरवेगळ्या जातीचं).

मोजतात ते असं :

अमायलॉइड-बीटा ४२ हे प्रथिन. अल्झायमरमध्ये तो मेंदूत साचून बसतो, म्हणून पाण्यात कमी होतो.
अमायलॉइड-बीटा ४०. हा फारसा हलत नाही, भागाकाराला हवा असतो.
पी-टाऊ १८१, म्हणजे फॉस्फेट चिकटलेला टाऊ. अल्झायमरमध्ये वाढतो.
एकूण टाऊ. पेशींना इजा झाली की वाढतो, कारण कोणतंही असो.

एकेकटा आकडा वाचू नये, गुणोत्तर वाचावं : ४२ भागिले ४०, किंवा पी-टाऊ भागिले ४२. काही लोकांच्या मेंदूत मुळातच अमायलॉइड कमी तयार होतो. त्यांचा ४२ एकट्याने बघितला तर आजार नसताना आजार दिसतो. ४० सुद्धा तितकाच कमी असेल तर गुणोत्तर सरळ येतं.

एक गोष्ट डॉक्टरांच्याही डोक्यात उलटी बसलेली असते. नॉनफ्लुएंट प्रकाराच्या मुळाशी असणारे पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आणि कॉर्टिकोबेसल डिजनरेशन हे टाऊचेच आजार, तरीही त्यांत पाण्यातला पी-टाऊ १८१ वाढत नाही. तो वाढतो अमायलॉइडच्या प्रक्रियेमागोमाग. त्यामुळे 'पी-टाऊ नॉर्मल, म्हणून टाऊचा आजार नाही' हा निष्कर्ष साफ चुकीचा.

मायक्रोलिटर

चांगला धागा. प्रयोगशाळेच्या बाजूने नळीबद्दल लिहितो. निम्मे बिघाड नमुना आमच्या मशीनपर्यंत यायच्या आधीच झालेले असतात.

अमायलॉइड ४२ चिकट आहे. चाळणीच्या जाळीला पीठ चिकटावं तसा नळीच्या भिंतीला चिकटतो, आणि जो चिकटला तो मोजला जात नाही. म्हणजे चुकीच्या नळीत ४२ खोटा कमी येतो आणि चूक नेमकी अल्झायमरच्या दिशेने होते. काचेची आणि पॉलिस्टायरीनची नळी नकोच. साधी पॉलिप्रॉपिलीनही पुरेशी नाही, लो-बाइंड, म्हणजे प्रथिनं कमी चिकटणारी, पॉलिप्रॉपिलीन हवी. वॉर्डातल्या ट्रेमध्ये पडलेली कुठलीही निर्जंतुक बाटली उचलली की खेळ तिथेच संपतो.

क्रम असा :

सुईतून थेंब थेट लो-बाइंड नळीत पडू द्या. सिरिंजने ओढू नका, मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब जोडू नका.
पहिले १-२ मिली वेगळ्या नळीत. ते नेहमीच्या तपासणीला चालतात, आणि सुई शिरताना आलेलं रक्त त्यातच राहतं.
अडीच मिलीची नळी असेल तर निदान निम्म्याच्या वर भरा. मोठ्या नळीत तळाला अर्धा मिली पाठवला तर द्रवाच्या मानाने भिंतीचा स्पर्श जास्त, म्हणजे चिकटणं जास्त.
नळी उभी ठेवा. हलवू नका, उलटसुलट करू नका, रोलरवर टाकू नका.
एका नळीतून दुसरीत ओतू नका. प्रत्येक ओतण्यागणिक ४२ घटतो.

शेवटच्या मुद्द्यावरून भांडणं होतात. पाणी भरपूर मिळालं म्हणून कोणीतरी हौसेने मोठ्या बाटलीत घेतं आणि मग तिथून चार नळ्यांत वाटून देतं. टाऊला याने फारसा फरक पडत नाही, ४२ ला पडतो. त्यामुळे पी-टाऊ भागिले ४२ हे गुणोत्तरही फुगतं. ४२ भागिले ४० थोडं सुरक्षित, कारण ४० सुद्धा काही प्रमाणात चिकटतो आणि चूक थोडीफार भागाकारात निघून जाते. पूर्ण निघत नाही.

ताजा नमुना २ ते ८ अंशांत १४ दिवस टिकतो, खोलीच्या तापमानाला २ दिवस. पण 'खोली' म्हणजे १५ ते २५ अंश. मे महिन्यात नागपूरहून निघालेली कुरिअरची पिशवी ही त्या अर्थाने खोली नव्हे. जेल पॅक टाका, आणि नळी जेलला थेट टेकवू नका, नाहीतर कडेला गोठते. शनिवारी दुपारी पाठवून सोमवारी पोचेल अशी आशा करण्यापेक्षा फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी पाठवा. दिवस शिल्लक असतात. गोठवायचाच असेल तर एकदाच. वितळवून पुन्हा गोठवलेला नमुना आम्ही परत पाठवतो.

रक्त : डोळ्यांना लाल दिसतंय तर लगेच सेंट्रिफ्यूज करा आणि तसं फॉर्मवर लिहा. स्वच्छ पाणी उगाच फिरवू नका. साधारण ५०० लाल पेशी प्रति मायक्रोलिटरच्या वर गेलं की आम्ही शेरा मारतो.

शंकेखोर

दोघांचेही आभार. दोन शंका.

१. एकाच व्यक्तीचे दोन ठिकाणचे अहवाल समोर आहेत. एकात पी-टाऊ २९, दुसऱ्यात ६४. दोन महिन्यांत दुप्पट झाला, असं समजायचं का?

२. अहवालावर 'ए पॉझिटिव्ह, टी निगेटिव्ह, एन पॉझिटिव्ह' असं लिहितात, ते कसं लावायचं?

मायक्रोलिटर

पहिल्याचं उत्तर देतो. नाही. बहुधा पद्धती वेगळ्या आहेत. इनोटेस्ट या जुन्या एलायझा चाचणीत पी-टाऊ १८१ ची सीमारेषा ६० च्या आसपास धरत. रोश कंपनीच्या एलेक्सिस यंत्रावर त्याच माणसाचा आकडा वीस-तिसाच्या घरात येतो, फुजिरेबिओ कंपनीच्या लुमिपल्सवर पुन्हा तिसराच आकडा. प्रत्येक पद्धत आपापल्या अँटिबॉडीने मोजते. म्हणून अहवालावर यंत्राचं नाव आणि त्या यंत्राची सीमारेषा नसेल तर तो आकडा वाचूच नका, लॅबला फोन करा.

लक्षात ठेवण्यासारख्या सीमारेषा दोन. एलेक्सिसवर पी-टाऊ १८१ भागिले ४२ : ०.०२३ च्या वर गेलं तर अल्झायमरच्या बाजूचं. लुमिपल्सवर ४२ भागिले ४० : ०.०५८ किंवा कमी म्हणजे पॉझिटिव्ह, ०.०७३ किंवा जास्त म्हणजे निगेटिव्ह, मधला पट्टा अनिश्चित. दोन्ही पद्धतींना अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२२ मध्ये मान्यता दिली. या सीमारेषांमागे वर सांगितलेलीच नळी आणि तोच क्रम गृहीत आहे. वेगळ्या नळीत घेतलेल्या नमुन्याला हीच सीमा लावणं म्हणजे मीटरच्या पट्टीने मोजून उत्तर फुटात लिहिणं.

आणखी एक. एलेक्सिसवर ४२ ची वरची मर्यादा १७०० पिकोग्रॅम प्रति मिली आणि पी-टाऊची खालची ८. '१७०० पेक्षा जास्त' किंवा '८ पेक्षा कमी' असं छापून आलं आणि गुणोत्तराचा रकाना रिकामा दिसला तर तो बिघाड नव्हे.

सुषुम्ना

दुसरं मी घेते. ए म्हणजे अमायलॉइड, टी म्हणजे टाऊ (इथे पी-टाऊ), एन म्हणजे मेंदूतल्या चेतापेशींचा ऱ्हास (एकूण टाऊ, न्यूरोफिलामेंट हे चेतापेशींतलं प्रथिन किंवा एमआरआयवरची झीज). उदाहरणं काल्पनिक आहेत, पण आकडे असेच येतात. सगळे एलेक्सिसचे समजा.

४२ = ६४०, पी-टाऊ = ३१. गुणोत्तर ०.०४८. ए+ टी+. बोलणं लोगोपेनिक असेल तर प्रश्न मिटला : अल्झायमरच, फक्त स्मृतीऐवजी भाषेच्या दाराने आलेला.

४२ = १३५०, पी-टाऊ = १५. गुणोत्तर ०.०११. ए- टी-. सिमॅण्टिक असेल तर अपेक्षेप्रमाणे. लोगोपेनिक वाटत असेल तर आधी बोलण्याची तपासणी पुन्हा करा, मग नमुन्याचा इतिहास बघा, आणि मग ग्रॅन्युलिन जनुकाचा विचार करा. त्या जनुकातल्या दोषाचे रुग्ण कधी कधी लोगोपेनिकसारखे किंवा धड कुठल्याच खान्यात न बसणारे दिसतात. त्यासाठी रक्तातला प्रोग्रॅन्युलिन मोजतात. तो खूप कमी आला तर जनुक-तपासणी. घराण्यात एएलएस (स्नायू दुबळे करत नेणारा चेतापेशींचा आजार) किंवा विचित्र वागणुकीचा डिमेन्शिया असेल तर सी९ओआरएफ७२ हे जनुकसुद्धा.

४२ = ६९०, पी-टाऊ = १२. गुणोत्तर ०.०१७. ४२ खाली, पण गुणोत्तर सीमेच्या आत. इथे ४० मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. ४२/४० सरळ आलं तर एक तर हा माणूसच कमी अमायलॉइड बनवणारा, नाहीतर नळी चुकली.

एकूण टाऊ प्रचंड, पी-टाऊ जेमतेम हललेला. हे अल्झायमर नव्हे. आजार महिन्या-दोन महिन्यांत वाढला असेल तर क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा झपाट्याने वाढणारा प्रायॉन आजार, आणि मग आरटी-क्विक ही वेगळी चाचणी. नुकताच झालेला पक्षाघात किंवा हर्पिसचा एन्सेफलायटिस यांतही एकूण टाऊ उसळतो, म्हणून तो ताजा प्रसंग ओसरेपर्यंत थांबा.

न्यूरोफिलामेंट लाइटबद्दल एवढंच : तो ऱ्हास किती वेगाने चाललाय ते दाखवतो, कशाने ते नाही. एफटीडी, म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, या अल्झायमरवेगळ्या गटात तो अल्झायमरपेक्षा बहुधा जास्त असतो, एफटीडी आणि एएलएस एकत्र असतील तर फारच जास्त. वयाने, पक्षाघाताने, हातापायांच्या न्यूरोपथीनेही वाढतो. त्याचा खरा उपयोग 'हे नैराश्यामुळे आहे की मेंदू खरंच झिजतोय' या प्रश्नावर. वयाच्या मानाने अगदी सामान्य आला तर डॉक्टर थोडे थांबून बघतात.

बेल_कर्व्ह

आकडेवारीची बाजू राहिली, म्हणून लिहितो.

२०१८ मध्ये जगभरच्या केंद्रांतले १२५१ पीपीए रुग्ण एकत्र करून अमायलॉइड किती जणांत सापडतो ते पाहिलं गेलं. लोगोपेनिक ८६ टक्के, नॉनफ्लुएंट २० टक्के, सिमॅण्टिक १६ टक्के. त्याच कामात ज्यांचं शवविच्छेदन झालं होतं त्यांत लोगोपेनिकपैकी ७६ टक्क्यांत मुख्य आजार अल्झायमर निघाला. सिमॅण्टिकपैकी ८० टक्क्यांत टीडीपी, नॉनफ्लुएंटपैकी ६४ टक्क्यांत टाऊ.

लोक हे आकडे वाचून 'सिमॅण्टिकमध्येही १६ टक्के अल्झायमर' म्हणतात. नाही हो. अमायलॉइड सापडला म्हणजे भाषा त्याने घालवली असं नव्हे. भाषा आणि स्मृती ठणठणीत असलेल्या लोकांतही वयाच्या पन्नाशीत साधारण १० टक्क्यांत आणि नव्वदीत ४४ टक्क्यांत अमायलॉइड असतो. तेव्हा ७४ वर्षांच्या माणसाला सिमॅण्टिक पीपीए झाला आणि मेरुद्रव ए+ आला, तर अमायलॉइड नुसता सोबतीला आलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी टी काय म्हणतो ते बघायचं.

हिशेब करून दाखवतो. समजा चाचणी ९० टक्के संवेदनशील (आजार असलेल्या १०० पैकी ९० पकडते) आणि ९० टक्के विशिष्ट (आजार नसलेल्या १०० पैकी ९० ना निगेटिव्ह म्हणते) आहे.

लोगोपेनिकचे १०० रुग्ण, त्यातले ८० खरोखर अल्झायमरचे. पॉझिटिव्ह येतील ७४, त्यातले ७२ बरोबर. निगेटिव्ह येतील २६, त्यातले ८ चुकलेले.

सिमॅण्टिकचे २००, त्यातले फक्त १० अल्झायमरचे. पॉझिटिव्ह येतील २८, पण बरोबर त्यातले ९ च. निगेटिव्ह १७२, त्यातला चुकलेला १.

चाचणी तीच, यंत्र तेच, आणि 'पॉझिटिव्ह' या शब्दाची किंमत एकीकडे ९७ टक्के, दुसरीकडे ३२. म्हणून बोलण्याची नीट तपासणी न करता नुसतं पाणी पाठवणं मला पटत नाही.

धोपटमार्गी

मग सिमॅण्टिकमध्ये पाणी काढायचंच कशाला? एमआरआयवर टोक झिजलेलं स्पष्ट दिसतं, बोलणं नमुनेदार, वय साठीच्या आत. सुई टोचून नवं काय कळणार?

सुषुम्ना

तुम्ही म्हणता तशा रुग्णात मीही आग्रह धरत नाही. पण वय सत्तरच्या पुढे, झीज दोन्हीकडे सारखी, सोबत स्मृतीही चाललेली, किंवा शब्दांच्या अर्थाबरोबर वाक्य पुन्हा म्हणणंही बिघडलेलं, असं असेल तर काढावं. नॉनफ्लुएंटमध्ये मी जास्त आग्रही आहे, कारण तिथे पाच-सहांत एखादा अल्झायमर निघू शकतो आणि औषधांची दिशाच बदलते. अल्झायमरमध्ये डोनेपेझिलसारख्या गोळ्यांचा थोडा उपयोग होतो. एफटीडी गटात होत नाही, उलट चिडचिड आणि अस्वस्थता वाढू शकते. मेमॅन्टिन या अल्झायमरच्या दुसऱ्या गोळीचाही एफटीडीत फायदा दिसलेला नाही. घरच्यांनी वर्षभर चुकीची गोळी देत राहण्यापेक्षा एक सुई बरी.

आणि अमायलॉइड काढून टाकणारी नवी इंजेक्शनं, लेकानेमॅब आणि डोनानेमॅब. त्यांच्यासाठी अमायलॉइडचा पुरावा लागतोच. पण लोगोपेनिकच्या घरच्यांना हे आधी सांगायला हवं की लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत भरती व्हायला प्रसंगांची स्मृती बिघडलेली असणं ही अट होती. म्हणजे भाषेने सुरुवात झालेले रुग्ण त्यात फारसे नव्हते. फायदा असेलही, पण आकडा त्यांचा नाही.

काना_मात्रा

बेल_कर्व्ह यांनी 'बोलण्याची नीट तपासणी' म्हटलंय, ती मराठीत कशी करायची ते लिहिते. इंग्रजी कसोट्यांचं भाषांतर करून भागत नाही.

वाचन : सिमॅण्टिकसाठी इंग्रजीत उच्चार-लेखन न जुळणारे शब्द वाचायला देतात, रुग्ण ते जसे लिहिलेत तसेच वाचतो आणि पकडला जातो. देवनागरीत बहुतेक शब्द लिहिल्याप्रमाणेच वाचतात, त्यामुळे मराठी रुग्ण घडाघडा वाचतो आणि तपासणाऱ्याला वाटतं वाचन चांगलं आहे. वाचलेल्या शब्दाचा अर्थ विचारा, चित्राशी जोडायला द्या. वाचनाच्या गुणांवरून सिमॅण्टिक नाकारू नका. ज्यांचं शिक्षण इंग्रजीतूनही झालंय त्यांना इंग्रजी शब्द जरूर द्या.

व्याकरण : नॉनफ्लुएंटसाठी मराठी हे फार सोयीचं आहे. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. चित्र दाखवून म्हणवून घ्या : मुलीने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. मग कर्ता बदला, क्रियापद हलता कामा नये. जिथे 'मुलगी आंबा खाल्ली' यायला लागतं, विभक्तीचे प्रत्यय गळतात, तिथे खूण करा. पण आधी घरच्यांना विचारा की घरात कुठली बोली बोलतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोकणी घरातल्या माणसाच्या बोलीतल्या रूपाला चूक म्हणून काट मारणं हा तपासणीचा दोष आहे.

पुन्हा म्हणणं : लोगोपेनिकची मुख्य कसोटी. एक शब्द, मग तीन शब्दांचं वाक्य, मग दहा-बारा शब्दांचं. शब्द नीट येतो, वाक्य लांबलं की मधले शब्द गळतात किंवा अर्थ ठेवून शब्द बदलतात. नॉनफ्लुएंट रुग्णही लांब वाक्यात अडखळतो, पण तिथे उच्चार मोडतात. ध्वनिमुद्रण करा, दोनदा ऐका. म्हणी, आरत्या, पाढे देऊ नका. पाठ असलेलं सगळं शेवटपर्यंत टिकतं आणि फसवतं.

दोन-तीन भाषा बोलणाऱ्याची प्रत्येक भाषा तपासा. एकच भाषा बिघडलेली वाटत असेल तर बहुधा दुसरी तपासलेली नसते.

आता पाणी काढण्याबद्दल एक गोष्ट, जी फॉर्मवर कधीच नसते. हा रुग्ण टेबलावर आडवा, पाठ तुमच्याकडे, आणि त्याला शब्द सापडत नाहीत. सुई मज्जातंतूला घासली की पायात वीज गेल्यासारखी कळ येते. एरवी माणूस ओरडून सांगतो, 'उजव्या पायात गेलं'. हा सांगू शकत नाही, दचकून हलतो. म्हणून आधी ठरवा : दुखलं तर हात वर, ज्या पायात कळ त्या बाजूचा हात. दोनदा सराव करून घ्या. ओळखीचं माणूस चेहऱ्यासमोर बसवा.

संमतीही तशीच. भाषा गेली म्हणजे समज गेली असं नाही. छोटी वाक्यं, पाठीचं चित्र, हो-नाहीची कार्डं, आणि तोच प्रश्न उलटा फिरवून पुन्हा. घरच्यांची सही घेऊन मोकळं होणं बरोबर नाही. सिमॅण्टिक रुग्णाला मात्र 'सुई' आणि 'पाठ' हे शब्दच पोचत नसतील, तिथे सुई दाखवा, पाठीला हात लावून जागा दाखवा.

बेल_कर्व्ह

पाढ्यांचा मुद्दा +१. ज्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिला ते पाढ्यांत कधीच सापडत नाहीत.

शंकेखोर

पाणी काढल्यावर डोकं दुखतं, कायमची कंबरदुखी लागते, असं ऐकतो. घरी सगळे घाबरलेत. उपाशी जायचं का, किती वेळ झोपून राहायचं, किती पाणी काढतात?

सुषुम्ना

उपाशी राहायची गरज नाही. खाऊन, पाणी पिऊन जा.

काढतात साधारण १० ते १२ मिली. शरीरात मेरुद्रव सुमारे १५० मिली असतो आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवा तयार होतो. म्हणजे काढलेला अर्ध्या-पाऊण तासात भरून येतो. सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. लकवा होण्याची भीती लोकांना याच जागेच्या गैरसमजातून वाटते.

डोकेदुखी खरी आहे. उभं राहिलं की वाढते, आडवं झालं की थांबते, बहुधा पहिल्या काही दिवसांत सुरू होते. ती कमी करणारी एकच गोष्ट पक्की सिद्ध झालीय : सुईचं टोक. धारदार कापणाऱ्या टोकाच्या सुईने साधारण ११ टक्क्यांना दुखतं, पेन्सिलसारख्या टोकाच्या, म्हणजे ॲट्रॉमॅटिक सुईने ४ टक्क्यांना. २२ किंवा २५ गेजची स्प्रॉटी किंवा व्हिटाकर मागा. २५ गेजमधून थेंब सावकाश पडतात, धीर धरावा लागतो, सिरिंज लावून ओढायचा मोह होतो आणि मग मायक्रोलिटर रागावतात. नंतर तासन्‌तास सपाट झोपवून ठेवल्याने डोकेदुखी टळत नाही. थोडी विश्रांती घेऊन घरी जाता येतं. दुखलंच तर पडून राहणं, पॅरासिटेमॉल, भरपूर पाणी, चहा-कॉफी. काही दिवसांत थांबलं नाही तर ब्लड पॅच, म्हणजे रुग्णाचंच थोडं रक्त पाठीत टोचून भोक बुजवणं. कंबर दोन-चार दिवस ठणकते, कायमची लागत नाही.

आधी सांगायच्या गोष्टी : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ॲस्पिरिन सहसा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन आणि नवी ॲण्टिकोॲग्युलंट्स कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, स्वतः बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर तर नाहीच. प्लेटलेट्स आणि आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) तपासलेले असावेत. मेंदूचा स्कॅन आधी झालेला हवा, गाठ किंवा दाब असेल तर सुई घालत नाहीत. ताप, पायात अशक्तपणा, लघवी अडकणं यांतलं काही नंतर झालं तर त्याच रात्री दवाखान्यात.

धोपटमार्गी

आता रक्तातला पी-टाऊ २१७ आलाय. अचूकता मेरुद्रवाच्या तोडीस तोड म्हणतात. मग हा सगळा खटाटोप पाच वर्षांत इतिहासजमा नाही का?

मायक्रोलिटर

बराचसा होईल. पण पीपीएत सरसकट नाही, असं माझं मत.

रक्ताच्या चाचणीला दोन सीमारेषा लावतात : खालच्या खाली निगेटिव्ह, वरच्या वर पॉझिटिव्ह, मधल्यांना पुढची तपासणी. मधले लोक थोडेथोडके नसतात. त्यांना पाणी किंवा पेट स्कॅन लागणारच. दुसरं, मूत्रपिंड मंदावलं की रक्तातला पी-टाऊ आणि न्यूरोफिलामेंट दोन्ही वाढतात. मधुमेह-रक्तदाबाच्या आपल्याकडच्या ज्येष्ठांत क्रिएटिनिन न बघता रक्ताचा पी-टाऊ वाचणं धोक्याचं. तिसरं पीपीएसाठी खास : एएलएसमध्ये रक्तातला पी-टाऊ स्नायूंमधून वाढतो असं अलीकडे दिसलंय, मेरुद्रवातला नाही. एफटीडी आणि एएलएस हातात हात घालून येणाऱ्या आजारात रक्त चुकीच्या दिशेला बोट दाखवू शकतं. हातांचे स्नायू फडफडतायत का, गिळताना ठसका लागतो का, हे विचारल्याशिवाय तो आकडा घेऊ नका.

शिवाय पाण्यात पेशी, प्रथिनं, साखर, व्हीडीआरएल (सिफिलिसची चाचणी), ऑटोइम्यून अँटिबॉडी (शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या) हेही बघता येतं. सहा महिन्यांत झपाट्याने भाषा गेली असेल तर यातलंच काहीतरी हाती लागण्याची आशा असते, आणि त्यावर उपचार असतात.

टीडीपी-४३ साठी मात्र रक्त काय आणि पाणी काय, दवाखान्यात वापरता येईल अशी चाचणी आजमितीला नाही. सिमॅण्टिकमध्ये अहवाल 'अल्झायमर नाही' एवढंच म्हणतो. 'टीडीपी आहे' हे आपण बोलण्यावरून आणि एमआरआयवरून म्हणतो.

शंकेखोर

शेवटचं. नमुन्याबरोबर फॉर्मवर काय लिहून द्यायचं, म्हणजे परत येणार नाही?

मायक्रोलिटर

वय. लक्षणं कधीपासून. बोलण्याचा प्रकार, तीनपैकी कुठला वाटतो ते स्पष्ट शब्दांत, नुसतं 'डिमेन्शिया?' लिहू नका. एमआरआयची एक ओळ. नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, फ्रिजमध्ये गेल्याची वेळ, गोठवला का. नळीची कंपनी आणि जात, किती मिली, कितवी नळी. सुरुवातीचे किती मिली बाजूला काढले. रक्त दिसलं का. ओतून बदलली असेल तर किती वेळा, लपवू नका. क्रिएटिनिन, गेल्या तीन महिन्यांत पक्षाघात, डोक्याला मार किंवा फिट आली असेल तर तेही.

आणि ४० मागायला विसरू नका. पुष्कळ पॅकेजांत फक्त ४२, टाऊ आणि पी-टाऊ असतात. ४० वेगळा लिहावा लागतो, आणि नळी उघडून, पुन्हा गोठवून महिन्याने आठवण झाली तर त्याच नमुन्यावर तो करण्यात अर्थ उरत नाही.